जपानने आशियाला स्वातंत्र्य मिळवून दिले, हे म्हणणे कितपत खरे आहे?

शाईपेन

अलीकडे एक मत वारंवार कानावर येते, आणि ते मांडणारे लोक चांगले वाचलेले असतात, म्हणून येथे विचारावेसे वाटले. मत असे की, १९४१-४२ साली जपानने मलाया, सिंगापूर, जावा, ब्रह्मदेश आणि फिलिपिन्स येथून गोऱ्या सत्तांना सहा महिन्यांच्या आत उखडले नसते, तर त्या दशकात आशियात कोणालाच स्वातंत्र्य मिळाले नसते. म्हणजे जपान युद्ध हरला, पण आशिया मोकळा करून गेला. यातला एक भाग मला मान्य आहे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापुरात ब्रिटिश सेनेने शरणागती पत्करली, तेव्हा साहेबाच्या अजिंक्यपणाचा जो दरारा गेला, तो परत आला नाही.

परंतु ज्या देशाने १८९५ मध्ये चीनकडून तैवान घेतले, १९१० मध्ये कोरिया सरळ आपल्या राज्यात सामील केला आणि १९३२ मध्ये मांचुरियात चीनचा पदच्युत सम्राट पुयी याला बाहुले करून बसवले, तोच देश दहा वर्षांत मुक्तिदाता कसा झाला, हे कोडे मला सुटत नाही. तेव्हा प्रश्न एवढाच आहे: ज्या वसाहती पुढे स्वतंत्र झाल्या, त्यांच्या स्वातंत्र्याचे श्रेय जपानला किती द्यावे, आणि देशागणिक हे उत्तर बदलते का? चर्चा आझाद हिंद सेनेकडे वळणार याची कल्पना आहे. तिकडे जरूर जावे, फक्त तिथेच मुक्काम करू नये, ही विनंती.

कट्टेकरी

विषयात जपान, नेताजी आणि साहेब तिघेही आहेत, म्हणजे धागा शंभरी गाठणार. मी पहिल्या रांगेत जागा धरून ठेवतो.

रावसाहेब_मिरज

श्रेय पुष्कळ द्यावे असे माझे मत आहे. १९०५ साली त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत अ‍ॅडमिरल तोगोने रशियाचे आरमार बुडवले, तेव्हा आशियाई राष्ट्र युरोपीय सत्तेला समोरासमोर हरवू शकते, हे आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीने प्रथम पाहिले. महर्षी कर्व्यांना महिला विद्यापीठाची कल्पना सुचली, तीही जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून. जपानकडे पाहण्याची ही नजर भाबडी नव्हती. ज्यांना आपल्या देशात काही उभे करायचे होते, त्यांची ती नजर होती.

आता युद्धकाळ पाहा. १ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रह्मदेशाचे आणि १४ ऑक्टोबरला फिलिपिन्सचे स्वातंत्र्य जाहीर झाले. ५ आणि ६ नोव्हेंबरला टोकियोत बृहत् पूर्व आशिया परिषद भरली. जपानचे पंतप्रधान तोजो यांच्या जोडीला ब्रह्मदेशाचे बा मॉ, फिलिपिन्सचे होसे लॉरेल, नानकिंगचे वांग जिंगवेई, मांचुकोचे पंतप्रधान आणि थायलंडचे राजपुत्र वान असे प्रतिनिधी होते, आणि नेताजी निरीक्षक म्हणून उपस्थित होते. आशियाई सरकारांचे प्रतिनिधी असे एकत्र, कोणा गोऱ्याच्या अध्यक्षतेविना, त्यापूर्वी कधी बसले होते? जपानचा हेतू स्वार्थी होता हे मान्य. पण इंग्रजांनी रेल्वे आणली तीही स्वार्थासाठीच. हेतू मोजायचा की परिणाम, हे आधी ठरवावे.

मधली_आळी

रावसाहेब, त्या परिषदेत कोण बसले होते यापेक्षा कोण बसले नव्हते, ते पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल. कोरिया नव्हता आणि तैवानही नव्हते, कारण टोकियोच्या लेखी ते देशच नव्हते. इंडोनेशियाही नव्हता, आणि याचे कारण अधिक बोलके आहे. ३१ मे १९४३ रोजी सम्राटासमोर झालेल्या बैठकीत जे धोरण मंजूर झाले, त्यात ब्रह्मदेश आणि फिलिपिन्स यांना स्वातंत्र्य द्यावे असे एकीकडे ठरले, आणि दुसरीकडे मलाया, सुमात्रा, जावा, बोर्निओ व सेलेबिस हे प्रदेश जपानच्या हद्दीत जोडावेत असेही ठरले. हा दुसरा भाग अर्थातच गुप्त राहिला. तेल सुमात्रा आणि बोर्निओत होते, रबर आणि कथील मलायात. धोरणाची ती यादी खनिजांच्या नकाशाशेजारी ठेवून वाचावी.

परिषद आटोपल्यावर त्याच महिन्यात सुकार्नो आणि हत्ता या इंडोनेशियन पुढाऱ्यांना टोकियोला नेण्यात आले. सम्राटाची भेट झाली, सुकार्नोंना पदक मिळाले, स्वातंत्र्याचा शब्द मात्र मिळाला नाही. तो मिळाला ७ सप्टेंबर १९४४ रोजी पंतप्रधान कोइसो यांच्याकडून, म्हणजे प्रशांत महासागरातले सायपान बेट हातचे गेल्यावर आणि तोजोंचे मंत्रिमंडळ पडल्यावर. त्यातही तारीख नव्हती. ‘पुढे कधीतरी’ एवढेच होते.

फिलिपिन्सबद्दल तर बोलूच नये. १९३४ च्या अमेरिकी कायद्याने त्यांच्या स्वातंत्र्याची दहा वर्षांची वाट आखून दिलेली होती, आणि ४ जुलै १९४६ रोजी ते ठरल्याप्रमाणे मिळाले. मध्यंतरी जपानने जे दिले, त्याचा शेवट फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलात झाला, जिथे सुमारे एक लाख नागरिक मेले. त्यांतले काही अमेरिकी तोफांनी, पण फार मोठ्या संख्येने जपानी सैनिकांनी घराघरांतून केलेल्या कत्तलीत.

कट्टेकरी

‘पुढे कधीतरी’ हे ऐकून आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची आठवण झाली. क्षमस्व, पुढे चालू द्या.

हान_नदीकाठ

मी नोकरीच्या निमित्ताने सोलमध्ये राहते. मूळ प्रश्नात ‘ज्या वसाहती पुढे स्वतंत्र झाल्या’ असे आहे, त्यात जपानची स्वतःची सर्वांत मोठी वसाहत मोडते, पण श्रेयाच्या या हिशेबात तिचे नाव कोणी घेत नाही. कोरियन माणसाला हा प्रश्न विचारून पाहा. तो आधी तुमच्या तोंडाकडे बघेल.

१९०५ मध्ये कोरिया जपानचे संरक्षित राज्य झाला, इतो हिरोबुमी तिथले पहिले महानिवासी अधिकारी झाले, आणि १९०९ मध्ये हार्बिन स्थानकात आन जुंग-गून यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. १ मार्च १९१९ रोजी सोलच्या तापगोल बागेत स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला, आणि महिनोन्‌महिने देशभर निदर्शने चालली, जी बंदुकीने मोडण्यात आली. आमच्याकडे जालियनवाला बाग घडली तो एप्रिल याच्याच पुढचा आहे. आणि याच वसंतात पॅरिसच्या शांतता परिषदेत जपानचे प्रतिनिधी राष्ट्रसंघाच्या करारात वांशिक समानतेचे कलम घालावे अशी मागणी करत होते! मागणी न्याय्य होती, ती फेटाळणारे दोषीच होते, पण करणाऱ्याचा दुसरा हात त्या वेळी कुठे होता हेही पाहायला हवे.

एक वास्तू सांगते. जपानी गव्हर्नर-जनरलचे कार्यालय ग्योंगबोकगुंग राजवाड्याच्या आवारात, सिंहासनाच्या दालनापुढे, राजवाडा शहरातून दिसू नये अशा बेताने बांधले गेले आणि १९२६ मध्ये पुरे झाले. ९ सप्टेंबर १९४५ रोजी तिथला जपानी ध्वज उतरला, तेव्हा त्या जागी अमेरिकी ध्वज चढला. कोरियन ध्वज अधिकृतपणे चढायला १९४८ उजाडले, तोवर देशाचे दोन तुकडे झाले होते. पुढे त्या इमारतीत राष्ट्रीय संग्रहालयही होते, तरी १५ ऑगस्ट १९९५ रोजी, मुक्तीच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी, घुमटावरचा कळस उतरवून ती पाडायला सुरुवात झाली. तो कळस आता चोनान येथील स्वातंत्र्य स्मारकाच्या आवारात आहे, मुद्दाम जमिनीच्या पातळीखाली खड्ड्यात ठेवलेला, म्हणजे पाहणाऱ्याला मान खाली घालूनच पाहावे लागते. कोरियाकडून जपानला किती श्रेय मिळते याचे उत्तर मला तिथे मिळाले.

तामसुईकर

हान_नदीकाठ यांच्या प्रतिसादाला जोड म्हणून तैवानची बाजू मांडतो, कारण तिथे चित्र उलटे दिसते आणि त्या उलट्या चित्राचा गैरवापर फार होतो.

तैपेईत गव्हर्नर-जनरलचे कार्यालय १९१९ मध्ये पुरे झाले. लाल विटा, मध्ये उंच मनोरा. ते कोणी पाडले नाही. आज तिथे तैवानचे राष्ट्राध्यक्ष बसतात. जियानान मैदानाला पाणी देणारे वुशानतोऊ धरण बांधणारे अभियंता हात्ता योइची यांचा पुतळा धरणापाशी बसवलेला आहे, आणि दर वर्षी त्यांच्या स्मृतिदिनी तिथे लोक जमतात. मी आधी जिथे भाड्याने राहत होतो, तिथल्या घरमालकीण आजी नव्वदीच्या होत्या आणि हिशेबाचे आकडे मनातल्या मनात जपानीत मोजत असत. हे पाहून आपल्याकडचा पाहुणा लगेच निष्कर्ष काढतो की जपानी राज्य चांगले होते.

त्या आजींनाच मी एकदा विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की जपानी शिपाई वाईटच होता, पण नंतर आलेला त्याहून वाईट निघाला. २५ ऑक्टोबर १९४५ रोजी तैवान च्यांग काय-शेक यांच्या चीनच्या स्वाधीन झाले. तिथल्या लोकांना कोणी काही विचारले नाही. २८ फेब्रुवारी १९४७ चा उठाव आणि त्यानंतरचे हत्याकांड, मग १९४९ ते १९८७ अशी अडतीस वर्षे लष्करी कायदा. म्हणजे तैवानी वृद्धांच्या मनातला जपानचा जिव्हाळा पुष्कळसा नंतरच्या राजवटीने तयार केलेला आहे. १९१५ चा तापानीचा उठाव आणि १९३० चा वुशेचा उठाव जपानने कसा चिरडला, हे डोंगरातल्या सिदिक लोकांना विचारावे. वुशेत विमानेसुद्धा वापरली गेली.

दोन लाखांहून अधिक तैवानी जपानी सैन्यात व सैन्याच्या कामावर गेले, त्यांतले सुमारे तीस हजार मेले. डिसेंबर १९७४ मध्ये इंडोनेशियाच्या मोरोताई बेटावर जपानी सैन्यातला जो शेवटचा लपलेला सैनिक सापडला, तो मुळात जपानी नव्हताच. तैवानच्या आमिस जमातीचा होता. जपानीत त्याचे नाव नाकामुरा तेरुओ. ज्या सम्राटासाठी तो तीस वर्षे जंगलात राहिला, त्याचे नागरिकत्व दरम्यानच्या काळात त्याच्याकडून काढून घेतले गेले होते, त्यामुळे नेहमीचे लष्करी निवृत्तिवेतन त्याला लागू होईना, आणि तो गावी परतला तर तिथे त्याला ली ग्वांग-हुई हे चिनी नाव तयार होते.

रावसाहेब_मिरज

तामसुईकर, आपला प्रतिसाद वाचून अस्वस्थ झालो, पण माझा मुद्दा वेगळा आहे. मी जपानच्या जुन्या वसाहतींची बाजू घेतच नाही. कोरिया आणि तैवान यांना जपानने गुलाम केले, यात वाद नाही. प्रश्न डच, ब्रिटिश आणि फ्रेंच वसाहतींचा आहे, आणि तिथला परिणाम नाकारता येत नाही. जावात ऑक्टोबर १९४३ मध्ये ‘पेटा’ हे स्वयंसेवक दल उभे राहिले, हजारो तरुणांना शस्त्रशिक्षण मिळाले. डचांनी साडेतीनशे वर्षांत जावानी शेतकऱ्याच्या मुलाला अधिकारी केले होते का? पुढे त्याच लोकांनी डचांशी लढा दिला. सेनापती सुदिर्मान हे त्याच दलातले होते.

वाईची_नात

इंडोनेशियाचे नाव निघाले म्हणून लिहिते. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि युद्ध संपल्यावर त्यांना जावात पाठवले होते. आमच्या घरात ‘सुराबाया’ हा शब्द मी भूगोल शिकण्याच्या आधी ऐकला.

२५ ऑक्टोबर १९४५ रोजी ब्रिगेडियर मॅलबी यांची ४९ वी भारतीय ब्रिगेड सुराबायात उतरली. तिच्यात मराठा आणि राजपुताना रायफल्सच्या पलटणी होत्या. काम सांगितले होते ते जपान्यांची शस्त्रे गोळा करण्याचे आणि छावण्यांतल्या युरोपीय कैद्यांना सोडवण्याचे. पण जपानी शस्त्रसाठा आधीच इंडोनेशियन तरुणांच्या हाती गेला होता. विमानातून पत्रके पडली की अठ्ठेचाळीस तासांत शस्त्रे द्या, नाहीतर गोळ्या घालू. आणि दुसऱ्या दिवशी शहर उसळले. ब्रिगेड शहरभर लहान लहान तुकड्यांत विखुरलेली होती. आजोबांची तुकडी एका इमारतीत अडकली होती, पाण्याच्या टाकीला भोके पडली होती, आणि बाहेरचा जमाव हिंदुस्थानीत ओरडून सांगत होता की तुम्ही आमचे भाऊ आहात, तुम्ही का लढता? आजोबा म्हणत की याला उत्तर त्यांच्या सुभेदारापाशीही नव्हते. ३० ऑक्टोबरला मॅलबी मारले गेले, आणि १० नोव्हेंबरपासून पाचव्या भारतीय डिव्हिजनने रणगाडे, तोफा आणि विमाने घेऊन शहर घेतले. त्याला तीन आठवडे लागले. इंडोनेशियात १० नोव्हेंबर हा वीर दिन म्हणून पाळतात. म्हणजे त्यांच्या वीर दिनाला समोरच्या बाजूला आमच्या सातारा-सांगलीची मुले होती.

हे येथे सांगण्याचे कारण असे की, श्रेय जपानला की इंडोनेशियाला या वादात आपण जणू प्रेक्षक आहोत असे बोलतो आहोत. डचांना परत आणणाऱ्या फौजेत बहुसंख्य आपलेच लोक होते. काहीशे भारतीय सैनिक पलटण सोडून इंडोनेशियन बाजूला गेलेही.

पंचांगवाला

वाईची_नात यांचा प्रतिसाद या धाग्यावरचा आतापर्यंतचा सर्वांत मोलाचा. एक पुरवणी जोडतो: फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत ‘तलवार’वरून नौसैनिकांचे बंड सुरू झाले, तेव्हा चांगले जेवण आणि आझाद हिंद सैनिकांची सुटका यांच्याबरोबर, इंडोनेशियातून भारतीय सैन्य मागे घ्या, हीही त्यांची मागणी होती. आजोबांना सुचले नाही ते उत्तर तीन-चार महिन्यांत कुलाब्याच्या किनाऱ्यावर कोणालातरी सुचले.

मधली_आळी

‘पेटा’बद्दल रावसाहेबांना उत्तर देतो. ते दल जपानने डचांशी नव्हे, तर दोस्तांनी जावावर चाल केली तर आपल्या बाजूने लढावे म्हणून उभे केले. फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्लितार येथे त्याच दलाची तुकडी सुप्रियादींच्या नेतृत्वाखाली जपान्यांविरुद्धच उठली, कारण त्या तरुणांना आपल्याच गावातले ‘रोमुशा’, म्हणजे जपान्यांनी सक्तीने कामाला लावलेले मजूर खंगून मरताना दिसत होते. शरणागतीनंतर लगेच जपान्यांनी ‘पेटा’ बरखास्त करून तिची हत्यारे काढून घेतली. ब्रह्मदेशातही तेच घडले. आंग सान यांच्यासह तीस साथीदारांना कर्नल सुझुकी यांनी हैनान बेटावर शिकवून तयार केले. २७ मार्च १९४५ रोजी त्यांचेच सैन्य जपानवर उलटले. प्रशिक्षण दिले हे खरे, पण ज्यांना दिले त्यांनी पहिला वापर कोणावर केला, हे श्रेयाच्या हिशेबात धरायला हवे.

आणि सयाम-ब्रह्मदेश रेल्वेचे नाव अजून कोणी काढले नाही, याचे आश्चर्य वाटते. ४१५ किलोमीटरची ती वाट बांधताना मेलेले दोस्त युद्धकैदी बारा हजारांवर होते, त्यांची नीट राखलेली स्मशाने आहेत. त्यांच्या कितीतरी पट मेलेले आशियाई मजूर, ज्यांत मलायाच्या रबरमळ्यांवरचे तमिळ मोठ्या संख्येने होते, त्यांच्या कबरींवर नावेसुद्धा नाहीत. ‘आशिया आशियाईंसाठी’ ही घोषणा त्यांनी ऐकली असेलच.

सागरलाट

अंदमानचा उल्लेख हवा, कारण जपानी अंमल प्रत्यक्ष अनुभवलेला आपला मोठा भूभाग तोच. २३ मार्च १९४२ रोजी जपानी उतरले. सेल्युलर जेल पुन्हा भरला, आता हेर असल्याच्या संशयावरून. डॉ. दिवाणसिंग तिथल्याच छळाने १४ जानेवारी १९४४ रोजी गेले. मधल्या काळात २९ डिसेंबर १९४३ ला नेताजी आले, ३० ला त्यांनी पोर्ट ब्लेअरला ध्वज फडकवला. बेटे कागदोपत्री आझाद हिंद सरकारला दिलेली होती, पण संरक्षण आणि पोलीस जपानी आरमाराकडेच होते. त्यांच्या भेटीला महिना होतो तोच, ३० जानेवारीला, होम्फ्रेगंज येथे ४४ जणांना गोळ्या घातल्या गेल्या, आणि मेलेल्यांत स्वातंत्र्य संघाचे लोकही होते.

कट्टेकरी

शाईपेन यांची ‘मुक्काम करू नका’ ही विनंती लोकांनी पाळली आहे. या संकेतस्थळाच्या इतिहासात ही नोंद व्हावी.

रावसाहेब_मिरज

सागरलाट, यात नेताजींचा दोष नाही, एवढे मान्य असावे. शिवाय लाल किल्ल्यावरचे खटले झाले नसते तर सैन्य आणि आरमार डळमळले असते का? आझाद हिंद सेना जपानशिवाय उभी राहिली नसती. ही साखळी आपण तोडू शकत नाही.

सागरलाट

दोष देत नाहीच. साखळीही तोडत नाही; पण तिच्यातली हलवून सोडणारी कडी खटल्याची आहे. खटला ब्रिटिशांनी भरला आणि बचाव भुलाभाई देसाईंनी केला. जपान तोवर शरण गेला होता.

सोलापुरी_चादर

आपल्याकडे जपानविषयी बोलताना नेहमी पूर्वेच्या आघाडीवरून पाहतात. आमच्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी वारले. ते ज्यांच्या जखमा शिवत होते, त्या जखमा जपानी गोळ्यांच्या होत्या. गांधीजींनीही जुलै १९४२ मध्ये, म्हणजे ‘चले जाव’च्या तोंडावर, सेवाग्रामहून ‘प्रत्येक जपान्यास’ उद्देशून पत्र लिहिले. त्यात चीनवरच्या आक्रमणाबद्दल दुःख व्यक्त करून, हिंदुस्थानात तुमचे स्वागत होईल अशा भ्रमात राहू नका, असे बजावले होते. तेव्हा शत्रूचा शत्रू तो मित्र, हे त्या काळातही सगळ्यांना पटलेले नव्हते.

लेखणीबहाद्दर

न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी टोकियो खटल्यात जपानला निर्दोष ठरवले होते. विषय संपला.

पंचांगवाला

विषय तिथे संपत नाही. पाल यांनी आरोपी नेत्यांना त्या खटल्यापुरते निर्दोष ठरवले, कारण आक्रमणाचा गुन्हा मागाहून कायदा करून लावता येत नाही आणि जेते स्वतःच न्यायाधीश होऊ शकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. जपानी सैन्याने अत्याचार केले याचा पुरावा प्रचंड आहे, हेही त्यांनी त्याच निकालपत्रात लिहिले. यासुकुनी मंदिराच्या आवारात त्यांचे स्मारक आहे, पण हा दुसरा भाग त्यांच्या चाहत्यांकडून सहसा वाचला जात नाही.

शाईपेन

सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाकडे परत येतो. कोरिया आणि तैवान यांना वगळून, डच-ब्रिटिश-फ्रेंच वसाहतींपुरतेच बोलायचे, हा रावसाहेबांचा आग्रह तात्पुरता मान्य करू. तेवढ्यापुरते तरी श्रेय सिद्ध होते का?

लाल_माती

व्हिएतनामपुरते सांगतो. तिथे जपानने १९४० पासून फ्रेंच प्रशासनाला हात लावला नाही. दोघे मिळून देश चालवत होते. ९ मार्च १९४५ ला फ्रेंचांना हटवले, ते मुक्तीसाठी नव्हे, तर पॅरिसमध्ये सरकार बदलल्यामुळे फ्रेंचांचा भरवसा उरला नव्हता म्हणून. व्हिएतनामी सम्राट बाओ दाई यांचे सरकार उभे केले, तेव्हा उत्तरेत दुष्काळाने लाखो माणसे मरत होती आणि भात सक्तीने उचलले जात होते. २ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईत हो ची मिन्ह यांनी जो जाहीरनामा वाचला, त्यात आम्ही स्वातंत्र्य फ्रेंचांकडून नव्हे, तर जपान्यांकडून हिसकावून घेतले असे स्पष्ट म्हटले आहे. मग सायगावात उतरलेल्या जनरल ग्रेसींनी, तेही भारतीय डिव्हिजन घेऊनच, व्हिएतनामींना दाबायला शरण आलेले जपानी सैनिकच पुन्हा शस्त्रे देऊन वापरले. मुक्तिदाते आणि जुने मालक दोन महिन्यांत एका बाजूला!

मधली_आळी

शाईपेन, माझे उत्तर असे आहे. जपानने सत्ता उलथली त्याने स्वातंत्र्य आले असते, तर मलायाला ते पहिल्यांदा मिळायला हवे होते. तिथून इंग्रज इतक्या नामुष्कीने पळाले होते. पण सप्टेंबर १९४५ मध्ये इंग्रज परतले आणि मलाया १९५७ मध्ये स्वतंत्र झाले. फरक पडला तो १५ ऑगस्टनंतरच्या मोकळ्या आठवड्यांत. जपान शरण गेला होता आणि दोस्त अजून पोहोचले नव्हते, तेव्हा ज्यांच्यापाशी संघटना, पुढारी आणि गावोगावचे तरुण तयार होते, त्यांनी सरकार स्थापून टाकले. जाकार्तात ब्रिटिश सप्टेंबरअखेर उतरले, तोवर सुकार्नोंच्या प्रजासत्ताकाला सहा आठवडे होत आले होते.

कोरियातही असेच झाले होते, हे विसरले जाते. यो उन-ह्योंग यांच्या समितीने ६ सप्टेंबरला लोकप्रजासत्ताक जाहीर केले, पण दक्षिणेत उतरलेल्या अमेरिकनांनी ते मानले नाही आणि काही काळ जपानी अधिकाऱ्यांनाच कामावर ठेवले. उत्तरेत रशियन होते. म्हणजे मोकळी जागा सगळ्यांनाच मिळाली, ती राखता आली काहींनाच.

आता जाकार्ताचा एक कागद. १६ ऑगस्टच्या पहाटे तरुण मंडळींनी सुकार्नो-हत्तांना रेंगासदेंगक्लोक येथे पळवून नेले, जपानच्या परवानगीची वाट पाहू नका म्हणून. त्याच रात्री स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला गेला तो जपानी अ‍ॅडमिरल माएदा यांच्या घरात, कारण तिथे लष्करी पोलीस शिरणार नव्हते. टंकलेखन सायुती मेलिक यांनी केले. त्या कागदावर तारखेत वर्ष ‘०५’ असे आहे: जपानी सम्राटवंशाच्या कालगणनेचे २६०५. श्रेयाचे प्रमाण विचारता तर ते मी या कागदावरून ठरवीन. घर आणि सन जपानचा होता. मजकूर, सह्या आणि जोखीम त्यांची होती. पुढे डच मानायला २७ डिसेंबर १९४९ उजाडला, दोन लष्करी मोहिमा झाल्या, जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी दिल्लीत परिषद बोलावली. ती चार वर्षे जपान कुठेच नव्हता.

रावसाहेब_मिरज

कागदाचा मुद्दा चांगला आहे, पण तो मला माझ्या बाजूचा वाटतो. डच तिथे असते तर ते घरही मिळाले नसते आणि ती रात्रही. काही जपानी सैनिक मायदेशी न जाता इंडोनेशियन बाजूने लढले आणि कालिबाताच्या वीरभूमीत पुरले गेले, हेही विसरू नये. मलायाबाबत तुमचे अनुमान घाईचे आहे. तिथे प्रतिकार करणारे बहुतांशी चिनी वंशाचे कम्युनिस्ट होते आणि मलय समाज त्यांच्यामागे नव्हता, म्हणून उशीर झाला.

मधली_आळी

म्हणजे निर्णायक गोष्ट स्थानिक समाजाची होती, यावर आपले एकमत झाले. बाकीचे मतभेद राहू द्यावेत.

हान_नदीकाठ

या सगळ्यात प्रशांत महासागरातली बेटे राहून गेली. १९१४ मध्ये जर्मनांकडून घेतलेला मायक्रोनेशिया जपानने राष्ट्रसंघाच्या आदेशाने चालवला, राजधानी पलाऊतल्या कोरोरला. सायपानवर ऊस लावला, आणि १९३० च्या दशकाअखेर एकूण बेटांवर मूळ रहिवाशांपेक्षा जपानी वस्ती अधिक झाली. १९४७ मध्ये ती बेटे संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त व्यवस्थेत अमेरिकेकडे गेली. जपानने स्वतः चालवलेल्या वसाहतींत शेवटचा स्वतंत्र झालेला देश त्यांतलाच: पलाऊ, १ ऑक्टोबर १९९४. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष होते कुनिवो नाकामुरा, ज्यांचे वडील जपानहून आलेले सुतार होते. त्यांना श्रेय कोणाला, असे विचारले असते तर त्यांनी बहुधा अमेरिकेशी झालेल्या कराराच्या सार्वमतांचा इतिहास सांगितला असता. तो संमत व्हायलाच दहा वर्षे गेली होती.